त्रेसष्ट वेळा दाबलेलं बटण

तीर्थरूप मामांस,

तुमच्या अर्ध्या पोत्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात घातला आहे, खुर्चीत बसून बसून कंबर धरली आहे.) इकडे सगळे मजेत. तिकडे तुमची तब्येत, मामीचे गुडघे आणि जिन्यातली मांजर ठीक असावीत. अक्षर नेहमीपेक्षा मोठं दिसेल. पेन नवीन आहे, दुसरं काही कारण नाही.

गेल्या पत्रात तुम्ही विचारलंत की बावीस वर्षं तू ऑफिसात नेमकं करतेस काय, आणि तेही आता यंत्रं करायला लागली तर तू काय करणार. पहिला प्रश्न आई नेहमीच विचारते, दुसरा हल्ली साहेब विचारतात. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मामा, मी तुमचाच धंदा करते. लिफ्ट तपासनीस असताना तुम्ही वाळूची पोती रचून लिफ्टला वजन पेलतंय का ते पाहायचात. मी वेबसाइटवर खोटी गर्दी सोडून तिला गर्दी पेलतेय का ते पाहते. (एकदा पोतं कमी पडलं म्हणून तुम्ही मलाच लिफ्टमध्ये उभं केलंत आणि मामी दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही. 'अर्धं पोतं' तेव्हापासूनचं.) मी नोकरीला लागले तेव्हा गर्दीसुद्धा खरीच गोळा करावी लागे. साहेब चाळीस जणांना संगणकांपुढे बसवायचे आणि स्वतः शिट्टी घेऊन उभे राहायचे. शिट्टी वाजली की सगळ्यांनी एकदम बटण दाबायचं. आता एकदम म्हणजे काय, तर हिशेबनीस शिट्टीच्या आधीच दाबायचे, टपाल विभागातल्या बाई 'आता दाबू का?' असं विचारून मग दाबायच्या, आणि एक गृहस्थ दर वेळी न चुकता संगणकच बंद करायचे. पण गंमत सांगते, त्या चाळीस जणांनी जे जे बिघाड शोधून दिले, ते पुढे दहा हजारांनी दिले नाहीत.

मग नक्कल करणारं सॉफ्टवेअर आलं. मी एकदा वेबसाइट वापरून दाखवायची, ते बघून बघून शिकायचं, आणि एका मीच्या पाचशे मी व्हायच्या. (आई म्हणाली, एक पुरे आहे.) मात्र एखादं बटण इकडचं तिकडे झालं की पाचशेच्या पाचशे जणी रिकाम्या जागेवर टकटक करत बसायच्या. शिवाय प्रत्येक खोट्या माणसाचा परवाना घ्यावा लागे, त्यामुळे साहेब म्हणायचे, शंभरात भागव. पुढे फुकटातली साधनं आली. त्यांचा पसारा एवढा, की वेबसाइटच्या आधी माझाच संगणक धापा टाकायचा. त्यानंतर गर्दी कोडमध्ये लिहिण्याची पद्धत आली. चार ओळी लिहा, कुठल्याशा दूरच्या भाड्याच्या मशिनांवरून दहा हजार माणसं निघतात. प्रोग्रॅमरने जरा कुठे हात लावला की चाचणी आपोआप सुरू. आणि आता नवीन साधनाला नुसतं बोलून सांगितलं तरी चालतं. कोड ते लिहितं, चाचणी ते घेतं, कुठे दम लागला तेही तेच सांगतं. तेव्हापासून साहेब माझ्याकडे, घर बदलताना जुन्या कपाटाकडे बघावं तसे बघतात.

अशात आमच्या ऑफिससमोरच्या डोळ्यांच्या दवाखान्याचं काम आलं. घरबसल्या तपासणीची वेळ घेता यावी अशी वेबसाइट. मी दहा हजार खोटे रुग्ण सोडले. सगळं सुरळीत. सोमवारी दहा वाजता खरी माणसं आली, जेमतेम तीनशे, आणि अकराव्या मिनिटाला वेबसाइट आडवी! मी खुर्चीत बसल्या बसल्या पोत्यासारखीच झाले. साहेबांनी सगळ्या नोंदी नव्या साधनाला दिल्या, आणि त्याने भर मीटिंगमध्ये भिंतीवर उत्तर मांडलं. माझे खोटे रुग्ण फार शहाणे होते. ते बटण एकदाच दाबून थांबायचे. खरी माणसं थांबत नव्हती. त्यातही एक रुग्ण (नावं झाकलेली होती) सगळ्यांवर वरताण. अकरा मिनिटांत 'निश्चित करा' त्रेसष्ट वेळा, 'मागे जा' चौदा वेळा, जन्मतारीख नावाच्या रकान्यात. आणि प्रत्येक दाबण्याला वेबसाइट नवा अर्ज समजत होती. सगळे हसत होते, मीही हसत होते. मग खाली 'आणखी काही सांगायचे आहे का' या रकान्यातलं वाक्य आलं: 'उजव्या डोळ्याने अक्षरे पुसट दिसतात. तसेच तुमच्या बटणाला तपासनीस लागतो. वाळूची पोती दारात पाय अडकवत नाहीत, माणसे अडकवतात.'

मामा, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. माझं हसू तिथेच थांबलं. पत्रात तुम्ही दर वेळी 'डोळे ठणठणीत' लिहिता, आणि गेल्या पत्रातल्या ओळी एकमेकींवर चढलेल्या होत्या तर मला वाटलं तुम्ही ते घाईत लिहिलं असेल. मला फार वाईट वाटलं. तुम्हाला वेळ मिळवून देणं हेच तर माझं काम होतं, आणि तेच मला जमलं नाही.

साहेबांना मी सांगितलं, हा माणूस माझा गुरू आहे. ते म्हणाले, पुढे तर ही साधनं खऱ्या माणसांचे स्वभावच शिकणार आहेत, अधीर, धांदरट, संशयी, सगळे; तेव्हा असा गुरू आपल्याला हवाच.

मामीला नमस्कार, मांजरीला जे काय तिला चालत असेल ते.

तुमचं,
अर्धं पोतं

ता.क. गुरू हवाच, म्हणून विनंती, की येत्या बुधवारी या, दोन दिवस मुक्कामाला. वेबसाइट पुन्हा सुरू करायची आहे आणि तुम्ही दाबून पाहिल्याशिवाय मी 'ठीक' म्हणून सही करणार नाही.

ता.क. २. मामी, हे मुद्दाम मुंगीएवढ्या अक्षरात लिहिते आहे, म्हणजे मामांना दिसणार नाही. मोठ्याने वाचू नकोस. चाचणी परवाच झाली. नव्या साधनाने पाचशे मामा तयार केले, प्रत्येकाने त्रेसष्ट वेळा दाबलं, वेबसाइट उभी आहे आणि माझी नोकरीही. मामांचं इथे काडीचं काम नाही. गुरुवारी अकराला डॉक्टरांची वेळ मी त्यांच्या नावाने घेतली आहे, बटण एकदाच दाबून. स्वतः चोरून वेळ घ्यायला बसतील, पण मी डोळ्यासाठी बोलावलं तर येणार नाहीत, वेबसाइट तपासायला म्हटलं तर धावत येतील. तेवढं खोटं माझ्यासाठी बोल. आणि त्यांनी हे स्वतः वाचलंच, तर मला लगेच फोन कर. मी इतक्या आनंदाने कधीच तोंडघशी पडले नसेन.