खालचा व्हॉल्व्ह

सोमवार, ४ मार्च

जमलं एकदाचं! कँटीनच्या टीव्हीवर माझे सुरक्षा-ट्रेनिंगचे फोटो दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या घेऊन यायचे — दाराच्या फटीतून बघितल्यासारखे. साहेब म्हणालेच होते, "मॅडम, हे काय शोकसभेसारखं? जरा जिवंत करा की!" आज सेटिंगमध्ये सापडलं — 'चित्र पडद्याभर'. शिवाय एक हालचाल घातली. फोटो सावकाश जवळ जवळ येतो. 'सर्व स्लाइडना लागू करा' दाबलं. एकेचाळीस फोटो, एका फटक्यात! पहिले पाच-सहा पाहिले. झकास.

उद्या सकाळच्या पाळीपासून हेच लागेल. लोकांनी बघायचं, वहीत सही करायची, झालं ट्रेनिंग.

चौदा वर्षं या डेअरीत दुधाचे नमुने तपासले, आणि आता हे ट्रेनिंग गळ्यात पडलंय. कॉम्प्युटरचं आणि माझं विळ्याभोपळ्याचं नातं. पण आज कॉलर ताठ.

शुक्रवार, ८ मार्च

मुकादम म्हणाले, "मॅडम, एकदम पिक्चरसारखं!" घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तीनदा. तिसऱ्यांदा म्हणाला, "हो बाई, पिक्चरसारखं. आता जेवायला वाढू?"

मंगळवार, १२ मार्च

 

दुपारी टाकी धुताना अपघात झाला. रेडिओ — टाक्या धुणारा कामगार, तोंड कधी बंद नसतं म्हणून सगळे रेडिओ म्हणतात — त्यानं वरचा वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला आणि झाकण उघडलं. खालचा, गरम पाण्याचा, उघडाच. उकळतं पाणी उजव्या हातावर. कोपरापर्यंत. मी ऑफिसात होते. किंकाळी ऐकली आणि धावले. 

वरचा बंद, मग खालचा बंद, मगच झाकण. हे आहे माझ्या स्लाइडशोमध्ये! तेविसावा फोटो. मी स्वतः काढलाय. मग त्यानं असं कसं केलं?

बुधवार, १३ मार्च

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "ट्रेनिंग दिलंय, वहीत सही आहे. दाखवूनसुद्धा माणूस असं करत असेल तर कंपनी काय करणार?" सोमवारी चौकशी. हलगर्जीपणा ठरला की नोकरी गेली त्याची. मी मान डोलावली. होय, डोलावली!

मग डबा घेऊन कँटीनमध्ये गेले. टीव्ही चालू होता. तेविसावा आला.

खालचा व्हॉल्व्ह नव्हता.

फोटो उभट. पडद्याभर पसरला की वरून-खालून छाटला जातो. खालचा व्हॉल्व्ह गेला, त्याच्याखाली मी लिहिलेली ओळ गेली. उरलंसुरलं त्या हालचालीनं केलं — फोटो जवळ येत येत वरच्या व्हॉल्व्हच्या चाकावर थांबतो. जणू सांगतोय, हाच, एवढाच. सहा सेकंद. पुढचा फोटो — उघडलेलं झाकण.

डबा न उघडताच परत आले.

गुरुवार, १४ मार्च

सकाळी सगळ्यांच्या आधी पोचले. सेटिंग बदललं — 'पूर्ण चित्र मावेल असं'. काळ्या पट्ट्या परत. हालचाल — काही नको. एकेक करून सगळे फोटो टीव्हीवरच पाहिले. आधीच्या सेटिंगमध्ये आणखी तीन ठिकाणी काही ना काही छाटलं जात होतं. एकात तर माणसाचे हातमोजेच.

बदलणं भागच होतं, दुसरं कुणी भाजलं असतं. पण सेव्ह केल्यावर लक्षात आलं — आता कुणालाच काही कळणार नाही! जुनी फाइल आधी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली होती. का घेतली, माझं मला माहीत नाही. पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. दिवसभर पर्स मांडीवर. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "सोनं आणलंयस का काय?"

शनिवार, १६ मार्च

दवाखान्यात गेले. रेडिओ भिंतीकडे तोंड करून पडला होता. हात पांढऱ्या पट्टीत, उशीवर ठेवलेला, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा. एक शब्द बोलला नाही. रेडिओ!

बायको बाहेर व्हरांड्यात भेटली. "फोटो दाखवता त्या मॅडम तुम्हीच ना? हे म्हणतात, माझंच चुकलं. डॉक्टर म्हणतात, बोटं वळतील की नाही, आताच सांगता येत नाही." मग माझाच हात धरून म्हणाली, "तुम्ही एवढ्या लांबून आलात."

मला तिथून पळावंसं वाटलं.

रविवार, १७ मार्च

नवऱ्याला सांगितलं.  म्हणाला, "तुला कुणी विचारलंय का?" नाही. "मग? आ बैल मुझे मार कशाला?" मी भांडी घासत राहिले. एकच पातेलं किती वेळ घासत होते कुणास ठाऊक. त्यानं नळ बंद केला. "चार दिवस धड जेवली नाहीस," म्हणाला. "काय ते एकदा करून टाक."

सोमवार, १८ मार्च

साहेब, मुकादम, मुख्य ऑफिसमधून आलेल्या एक बाई. रेडिओच्या जागी त्याची बायको, खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेली. साहेबांनी वही पुढे केली. सही. तारीख. "बोलण्यासारखं काही उरत नाही."

मी उठले. म्हटलं, "मला तेविसावा फोटो दाखवायचाय. पाच ते तेरा तारखेपर्यंत लागत होता तसा."

पेनड्राइव्ह दोनदा उलटाच घातला. शेवटी लागला. सहा सेकंदांत फोटो जवळ येत येत वरच्या चाकावर थांबला.

मुख्य ऑफिसच्या बाई म्हणाल्या, "दुसरा व्हॉल्व्ह कुठंय?"

"नाहीये. माझ्या सेटिंगनं छाटला गेला. सगळे फोटो मी तपासले नाहीत."

"मॅडम," साहेब दात आवळून म्हणाले, "काय बोलताय कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

रेडिओच्या बायकोनं पहिल्यांदा वर पाहिलं. त्या नजरेत राग होता की काय होतं, मला कळलं नाही. मला तिच्याकडे बघवेना.

बुधवार, २० मार्च

निकाल लागला. रेडिओची नोकरी राहिली. हात बरा होईपर्यंत रजा, उपचार कंपनी करणार. मला ताकीद — नोकरीच्या फाइलला लागलेली. ट्रेनिंग काढून घेतलं, परत नमुने तपासायला. साहेब समोरून आले तरी बघत नाहीत. मुकादम हळूच म्हणाले, "हिंमत लागते." मला तर नुसतं पोट रिकामं झाल्यासारखं वाटतंय. भूक लागलीय!

गुरुवार, २८ मार्च

रेडिओच्या घरी गेले. दोन बोटं वळतायत. आणि तोंड सुरू झालंय! बायको पाणी आणायला आत गेली तसा एकदम पुढे वाकला. "मॅडम, रागवू नका. मी तो टीव्ही कधी बघितलाच नाही. पाठ करून बसतो, जेवतो, सही करतो. सगळेच तसं करतात."

मी विचारलं, "मग टाकी धुवायला तुम्हाला शिकवलं कुणी?"

"कुणीच नाही. आधीच्या माणसाचं बघून बघून."