बस असताना सायकल

मंगळवार, संध्याकाळ

आज ऑफिसातल्या मॅडमनी सायकलचा फॉर्म दिला. कंपनी सायकल घेऊन देणार, हप्ते पगारातून कापणार, वर टॅक्सही वाचणार म्हणे. एवढी माया अचानक कशी? "सही करा, फायदाच आहे," म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता. देवळाली प्रवरेहून कंपनीची बस असताना सायकल कशाला? की मीच उगाच शंका घेतोय? पण मग बघितलं का नाही माझ्याकडे?

घरी येताना बसचे ड्रायव्हर बबनमामांना विचारलं, "मामा, बस बंद होणार का?"

ते म्हणाले, "मला कोन सांगतंय? पन आज मलाबी सायकलचा फॉर्म दिलाय."

मी तिथंच उठून बसमधल्या सगळ्यांना सांगितलं, सही करू नका. निम्म्यांनी सकाळीच केली होती.