पहाटे परत जाणारा हक्क

प्रिय शिवलीला,

फोन हातात असताना अप्पा पत्र कशाला लिहितात, असं तुला वाटेल. फोनवर मी काहीही सांगितलं की तू ‘दोन मिनिटांचं काम आहे अप्पा’ म्हणतेस आणि खरंच दोन मिनिटांत करून मोकळी होतेस. हे काम तसं उरकू नये म्हणून कागद घेतला. तुझ्या आईला वाटतंय, मी करकंबच्या गिऱ्हाइकाला दर कळवतोय.

आधी घरातलं महाभारत ऐक. नीलांबिका माझ्यावर रुसली होती. तुझी वहिनी रुसली की आदळआपट करत नाही, उलट फार आदराने वागायला लागते. गरम भाकरी, चटणीवर तेल आणि वर ‘मामा, अजून काही?’ माणूस घाबरतो अशाने. तिचा नवरा, म्हणजे तुझा लाडका भाऊ नंदीश, आपल्या टेंभुर्णीच्या शाखेत बसायला लागल्यापासून मोटारपंपांच्या सुट्या भागांचं आपलं इथलं दुकान तीच चालवते. पण कॉम्प्युटरवर दर बदलायचा हक्क तिला नाही. गिऱ्हाईक समोर उभं, दर थोडा कमी करायला तिने मला फोन लावायचा आणि मी नेमका आंघोळीला. म्हणून एका संध्याकाळी मी स्वतः कॉम्प्युटरवर तिच्या नावापुढे तो हक्क दिला. ती खूश, मीही खूश. सकाळी हक्क गायब. पुन्हा दिला, पुन्हा गायब. तिला वाटलं, सासरा चारचौघांत देतो आणि गुपचूप काढून घेतो. शेवटी गोदाम सांभाळणाऱ्या शाकीरसमोरच म्हणाली, “मामा, परत घ्यायचंच हाय तर देता कशाला? मला काय लई हौस न्हाय.” शाकीर हातातली मोटार तिथंच ठेवून बाहेर सटकला.

मला नंदीशचा संशय आला, तिकडच्या कॉम्प्युटरवरून तोच काढत असणार. चोर पकडायचा म्हणून एक दिवस उजाडायच्या आत जुळे सोलापुरातून स्कूटर काढली आणि दुकानात जाऊन बसलो. पडद्यावर नीलांबिकेचं नाव, नावापुढे आदल्या संध्याकाळी पुन्हा दिलेला हक्क. थर्मासमधला चहा ओतून घेतला, पुन्हा बघतो तर हक्क नाही. दुकानात मी आणि भिंतीवरची पाल. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ही सिस्टीम बसवताना तू सांगितलं होतंस, की कुणी काय बघायचं आणि कुणी काय बदलायचं हे सगळं तू एका फाईलमध्ये लिहिलंयस. तुझा प्रोग्राम रोज पहाटे आपला डेटाबेस त्या फाईलशी ताडून बघतो आणि मधे कुणी हाताने फेरफार केला असेल तर तो पुसून टाकतो. मी तेव्हा मान डोलावली होती खरी, पण तेवढ्यात भजी आली होती.

तुझ्या वहिनीला हे सांगितलं. आधी तिचा विश्वास बसेना, मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. आता भाकरी अधूनमधून करपलेली मिळते, म्हणजे घरात सगळं ठीक आहे.

नंदीश म्हणाला, ताईला फोन करा, ती फाईलमध्ये लिहून टाकेल. मी त्याला विचारलं, त्या फाईलमध्ये सगळे हक्क कुणाकुणाचे आहेत? म्हणाला, तुमचे आणि ताईचे. मग मी फोन केला नाही. हैदराबादला जाताना तू म्हणाली होतीस, दोन-तीन वर्षं अनुभव घेते आणि येऊन दुकान बघते. मी आल्यागेल्याला तेच सांगत आलो. तिकडे फ्लॅट घेतल्याचं तू नंदीशला सांगितलंस आणि अप्पांना कळू देऊ नको म्हणालीस. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे कसं विसरलीस? दिवाळीत तुला सुट्टी मिळाली नाही, संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेलाही मिळाली नाही. सुट्टी मिळत होती पोरी, मला तोंड कसं दाखवायचं हे तुला कळत नव्हतं.

फ्लॅट घेतलास, मला अभिमान वाटला. वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू. मग काल नीलांबिकेला एका हट्टी गिऱ्हाइकाशी बोलताना बघत बसलो. दर तिने कमी केला नाही आणि तो हसत दोन पंप घेऊन गेला. दुकानाला माणूस मिळालंय, मीच उगाच तुझ्यासाठी खुर्ची अडवून बसलो होतो. तर आता ती फाईल उघड आणि तुझ्या नावाच्या जागी तुझ्या वहिनीचं नाव लिही, सगळ्या हक्कांसकट. कुणी सांगितलं म्हणून नको, तुला मनापासून वाटेल त्या दिवशी लिही. आणि मग बिनधास्त घरी ये. कायमची कधी येणार, हे मी आता विचारणार नाही. गाडी किती वाजता पोचते, एवढंच विचारीन.

तुझाच,
अप्पा