आजाऱ्याची बदली

बाबा, तुला वाचता येत नव्हतं, आणि तू होतास तोवर मलाही येत नव्हतं. पुढे वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून मी शिकले. आज लिहायला बसले, कारण परवा कारखान्यात एका पोरीला मी दारातून परत पाठवलं आणि तेव्हापासून तू सारखा समोर येतोयस.

मी आता ठाण्यात औषधाच्या कारखान्यात आहे. बाटल्या भरून लेबलं लावणाऱ्या बारा बायकांची मुकादम. हो, मुकादम. हसू नकोस. खोकल्याचं, तापाचं औषध आम्ही भरतो, आणि आमच्यातल्या कुणाला ताप आला तर रीत तीच, तुझ्या मिठागरातली: घरातलं दुसरं माणूस बदली पाठवायचं, नाहीतर जागा गेली. तुझे जावई कचेरीत पट्टेवाले होते. तिथे बदली लागत नसे, आजारपणाची रजा मिळे, पण तिला सरकारी डॉक्टरची सही लागायची. शेवटच्या दुखण्यात त्यांना उभं राहवत नव्हतं. तसं डॉक्टरांकडून लिहून घ्यायला मी त्यांना टांग्यात घालून दवाखान्यात नेलं आणि रांगेत उभं केलं. रजा पुरी मंजूर झाली. त्यातली अर्धीसुद्धा त्यांना लागली नाही. तो कागद अजून माझ्या पेटीत आहे.

परवा आमच्यातली कळव्याची बाई तापाने पडली, तर तिची लेक आली. अकरा-बारा वर्षांची, आईचं लुगडं कमरेला कसंबसं गुंडाळलेलं. मी तिला आत घेतलं नाही, शाळेत जा म्हटलं. आधी पोरीचं तोंड उजळलं, मग एकदम उतरलं.

"म्हणजे उद्या आईला यावं लागेल का?"

मी उत्तर द्यायच्या आत शेठ बाहेर आले. त्यांचं म्हणणं, बदली आली आहे तर अडलं कुठे, पोरीची बोटं तर आईपेक्षा चपळ असतील. मी म्हटलं, "हिची आई बरी होईपर्यंत तिची जागा तिचीच राहील. तिच्या बाटल्या आम्ही भरू. पटत नसेल तर आजच माझी बदली शोधा."

शेठ हसले. "तुमची बदली कुठून आणू, बाई? एवढं बोलणारी दुसरी मिळायची नाही." आठ दिवस जागा ठेवतो म्हणाले, पगार मात्र नाही.

पोरीला मी सांगितलं, आईला म्हणावं पडून राहा. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिच्या वाटच्या बाटल्या भरायला घेतल्या. एक म्हणाली, मुकादमबाईंना पुण्य आणि आम्हाला पाठदुखी. खरंच आहे ते. असं किती दिवस चालणार? म्हणून मी अर्ज लिहून काढलाय. आजाऱ्याला रजा, तिचा पगार, आणि बदलीला घरची पोरं घ्यायची नाहीत. काही जणी सही करतील, बाकीच्यांचे अंगठे घेईन. सोमवारी शेठच्या टेबलावर ठेवणार. माझी जागा गेली तर जाईल. मागे घेणार नाही.

पण त्या पोरीचा प्रश्न काही डोक्यातून जात नाही. मी तिच्याएवढी असताना तू हिवतापाने पडला होतास, आई ओली बाळंतीण, म्हणून कोपरीहून मिठागरात मी गेले. तीन दिवस तुझं लाकडी फावडं ओढलं, माझ्याहून उंच. मीठ कडेला ओढते आहे, उन्हाने डोळे मिटतायत, आणि तळपायाच्या भेगांत खारं पाणी शिरतंय. तिसऱ्या संध्याकाळी घरी येऊन तुला म्हटलं, "मुकादमाने सांगितलंय, उद्यापासून तूच ये." तू फावडं दाराशी उभं करून ठेवलंस. पहाटे उठून गेलास.

मुकादम असं काही बोलला नव्हता, बाबा. माझ्या कामावर तो खूश होता. तू गेल्यावर त्याने तुला विचारलं असणारच, एवढ्यात कशाला उठलास म्हणून. संध्याकाळी तू परत आलास तेव्हा अंग नुसतं तापलेलं होतं. मी कोपऱ्यात बसले, आता तू ओरडशील म्हणून. तू म्हणालास, "बाय, पाय दाव." आणि खोबरेल कोमट करून भेगांना लावत बसलास. त्यानंतर तू सहा वर्षं जगलास, तेव्हा माझ्या खोट्याने तुझा जीव गेला असं मी म्हणत नाही. तुला कळलं होतं की नाही, एवढं विचारायचं राहून गेलं. आईलाही मी हे कधी सांगितलं नाही.

अर्ज पिशवीत ठेवलाय. हा कागद पेटीत जाईल, तुझ्या जावयांच्या रजेच्या कागदाखाली. एकच राहिलं. त्या पहाटे फावडं खांद्यावर टाकून तू बाहेर पडलास, आणि मी तुझ्या गोधडीत शिरले. ती अजून तुझ्या तापाने गरम होती. मला फार बरं वाटलं होतं.