गळपट्टी मी कापली, गोरक्ष कराळे यांनी नाही

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
नीरसाथ जलबचाव पथक, अहिल्यानगर.

विषय : पाणबुड्याच्या सूटची रबरी गळपट्टी बिघडवल्याचा ठपका गोरक्ष राम कराळे यांच्यावरून काढून माझ्यावर ठेवणेबाबत.

संदर्भ : श्री. कराळे यांना पाण्यातल्या कामावरून थांबवल्याची आपली दि. १२ जानेवारी २०२६ ची नोटीस.

महोदय,

मी खाली सही करणार, वय ५१, केडगाव येथे बायकांचे ब्लाउज शिवते. क्लास केलेला नाही, जुने कपडे उसवून शिकले. स्वतःची चूक उसवायला मात्र उशीर झाला, म्हणून हा अर्ज.

१. अंगाला पाणी लागू न देणारा तो सूट श्री. कराळे डिसेंबरात माझ्याकडे स्वतः घेऊन आले. त्यांची पत्नी निकिता माझं जुनं गिऱ्हाईक. नवी गळपट्टी आवळत होती. "चाची, मान वळवली की डोळ्यापुढं अंधारी येती. तुमी एवढे गळे करता, हा एक करा," असं ते म्हणाले. नाही म्हणायला हवं होतं. पण पथकाचा सूट माझ्या मशीनपाशी आला याचाच मला अभिमान वाटला.

२. आमच्या धंद्यात माप अंगावर घेण्याऐवजी मापाचा कपडा मागतात. परपुरुषाच्या गळ्याला टेप लावायला मला लाज वाटली. मी त्यांचा एक शर्ट मागवला आणि कॉलरच्या मापानं रबर कापलं. गळपट्टीवर गोल बारीक रेघा होत्या. मला ती नक्षी वाटली. सहा रेघा एका दमात कापल्या, कड अगदी गुळगुळीत आली. घालून बघून ते म्हणाले, "चाची, आता गळ्यात काही हाय असं वाटतच न्हाई." मी ती शाबासकी समजले.

३. पुढे बंधाऱ्यावरच्या सरावात गळ्यातून थंड पाणी आत शिरलं. चौघांनी ओढून काढलं तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. दोन दिवस दवाखान्यात होते. चौकशीत त्यांनी "मीच ब्लेडनं कापली" असं लिहून दिलं. माझं नाव घेतलं नाही.

४. मीही घेतलं नाही. शाळेच्या गणवेशाचं काम मला मिळणार होतं, तेवढ्यासाठी गप्प बसले. मग निकिता ब्लाउज न्यायला आली. "ह्यांना आता पाण्यात उतरू देत न्हाईत, घरीच बसून असत्यात," एवढं सांगितलं. मग आरशात बघून म्हणाली, "गळा मात्र छान बसला हो, चाची." तिला सगळं ठाऊक होतं. ती गेल्यावर मला कात्री हातात धरवेना.

५. त्यानंतर मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. भाषा कळली नाही, पण हात कळले. रबराचा गळा माणसाच्या गळ्याहून लहानच लागतो, ताणून बसतो तेव्हाच पाणी अडवतो. नवा आवळत असेल तर आधी गळ्याएवढ्या भांड्यावर चढवून दोन-चार दिवस ठेवतात. तरी आवळला तर त्या गोल रेघांपैकी एकच कापतात, तेवढ्यानं गळा जरा मोठा होतो, घालून बघतात, मगच दुसरी. आतून पावडर लावतात. सायकलची ट्यूब कळशीच्या गळ्यावर चढवून मी हे करून पाहिलं. चार दिवस घरात कळशी कोणाला वापरू दिली नाही. एक ट्यूब स्वतःच्या मानेलाही लावून पाहिली, तेव्हा ती अंधारी काय असते ते समजलं.

६. तरी विनंती की, ठपका माझ्या नावावर घ्यावा, गोरक्ष यांना परत पाण्यात उतरू द्यावं, आणि नवी गळपट्टी कोणीही बसवो, आधी त्यांना समोर बसवून मग कापावी. ती मलाच द्या असं म्हणायला मला तोंड नाही. गणवेशाच्या कामाला मी कालच नाही कळवलं आहे.

काल मी कराळ्यांच्या घरी जाऊन आले. निकितानं टेपचं एक टोक धरलं, दुसरं मी. गोरक्ष हनुवटी वर करून बसले होते. टेपखाली त्यांची नाडी बोटाला लागत होती. शर्टाची कॉलर सोळा इंच होती. गळा पंधरा भरला.

आपली अपराधी आणि नम्र,
नाझनीन लालमहंमद शेख
केडगाव, दि. ३१ जानेवारी २०२६

सोबत :
१. कापलेल्या सहा रेघांची रबरी कडी
२. मापाचा शर्ट (धुऊन, इस्त्री करून)
३. गोरक्ष यांच्या गळ्याचं माप, अंगावर घेतलेलं