रविवारची दहा मिनिटं

मॅडिसन,
५ जानेवारी १९९७

ती. एलाताईस,
रेइनोचा शि. सा. न. वि. वि.

तुझं नाताळचं पत्र आणि सोबतचा नीसू पोचला. वेलदोड्याचा तो पाव तीन दिवस टपालात राहूनही मऊ होता. एक टोक गायब होतं. ते टपालखात्यातल्या कुणीतरी खाल्लं असा तुझ्या भावजयीचा, म्हणजे कारिनचा, वहीम आहे. ते मी पोस्टातून घरी येताना गाडीत खाल्लं हे तिला कळवू नयेस.

आता मुद्दा. तौनोदाजींना जाऊन चार महिने झाले. त्यांची ती लाल, दोन माणसांची स्पोर्ट्स कार तुझ्या गराजमध्ये उभी आहे, आणि एस्कनाबाचा तो दंतवैद्य सहा हजार डॉलर द्यायला तयार आहे. त्याला एक मेपर्यंत उत्तर हवंय. ताई, हो म्हणून टाक. मी इथे विद्यापीठात शिकवतो त्या आमच्या संस्कृत शास्त्रात योग म्हणजे नसलेलं मिळवणं आणि क्षेम म्हणजे मिळालेलं सांभाळणं. जुन्या स्पोर्ट्स कारचा योग एकदाच येतो. क्षेम मात्र जन्माला पुरतं. वेगळा विमा, महागातलं पेट्रोल, टायरची नक्षी शाबूत पण रबराला भेगा. इंजिनात एक पट्टा असतो, तो पाच वर्षांनी बदलावा लागतो. नाही बदलला तर न सांगता तुटतो आणि जाताना इंजिनालाही घेऊन जातो. दाजींनी हे सगळं हसत सोसलं. तीस वर्षं ताशी वीस मैलांनी रस्त्यांवरचा बर्फ सारणारा नांगर चालवलेल्या माणसाला कुणावर तरी सूड उगवायचा होता.

शिवाय तुला क्लचची गाडी चालवता येत नाही. मग ठेवून करणार काय, पूजा?

कारिनचा नमस्कार. लोभ आहे, तो थंडीने आकसू देऊ नये.

तुझा,
रेइनो


हॅनकॉक,
९ फेब्रुवारी १९९७

चि. रेइनोस,
अनेक आशीर्वाद.

पूजाच करते म्हण हवं तर. तुला सांगणार नव्हते, पण तू विचारलंसच. दर रविवारी चर्चमधून आले की मी गराजसमोरचा बर्फ फावड्याने काढते. यंदा तो कमरेपर्यंत आहे, म्हणजे तासभर जातो. मग दार सताड उघडते, गाडीत बसते, किल्ली फिरवते आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवते. हीटर लावते. तौनोची टोपी अजून मागच्या फळीवर आहे. दहा मिनिटं झाली की बंद करून घरात येते आणि कॉफी टाकते. इंजिन अधूनमधून चालू केलं नाही तर मरतं, असं शेजारचा साउली म्हणाला होता. आता मला उपदेश करू नकोस. मी कुठे तुझ्या पोथ्यांवर बोलते?

पण गेल्या दोन रविवारी मागून पांढरा धूर आला, भरपूर. तेलाचं झाकण उघडलं तर आतून पिवळट साय जमलेली, कॉफीत घालतो तशी. साउली म्हणाला की इंजिनातलं पाणी अडवणारं गॅस्केट गेलं, दोन हजारांना मरण नाही. दंतवैद्याला हे कळलं तर तो सहा हजार कशाला देईल? आणि खरं सांगू, ती विकायची की नाही हे माझंच अजून ठरत नाही. तिच्यात बसलं की तौनो आत्ताच पेट्रोलचे पैसे द्यायला उतरलाय असं वाटतं.

मुलांसारखा मोजे न घालता हिंडू नकोस. कारिनला आशीर्वाद. माया आहेच.

तुझी,
एलाताई


मॅडिसन,
१८ फेब्रुवारी १९९७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उपदेश करत नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा चष्मा पुसावा लागला. इथेही थंडी फार आहे, काचेवर दव धरतं.

धुराविषयी. धूर दिसला की अग्नी आहे, हे आमच्या नैयायिकांनी हजार वर्षं डोंगराकडे बोट दाखवून शिकवलं. त्यांच्यापैकी एकाकडेही जुनी स्पोर्ट्स कार नव्हती. काल मी आमच्या इथल्या मेकॅनिकला विचारलं, तर तो म्हणाला की धुराच्या तीन जाती: निळा असेल तर तेल जळतंय, काळा असेल तर पेट्रोल उधळलं जातंय, आणि पांढरा असेल तर पाणी. पण ते पाणी कुठून आलं, हे बघितल्याशिवाय सांगणारा लबाड समजावा, असंही म्हणाला. तेव्हा साउलीचं अनुमान बाजूला ठेव आणि उर्होला बोलव. दाजींबरोबर नांगरांच्या वर्कशॉपमध्ये त्याची हयात गेली. तो कमी बोलतो, हे प्रामाणिकपणाचं लक्षण मानायला हरकत नाही.

तोवर गाडी सुरू करू नकोस. बर्फ मात्र काढत राहा, तुला राहवणार नाहीच.

लोभाचं तेल अधूनमधून तपासत जावं, ही विनंती.

तुझा,
रेइनो


हॅनकॉक,
१३ एप्रिल १९९७

चि. रेइनोस,
आशीर्वाद.

उर्हो आला. दोन महिने त्याला सवड नव्हती, त्यात त्याची पाठ धरलेली. त्याने इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची टाकी बघितली, दाब लावून बघितला, नळ्या हुंगल्या, एअर फिल्टरच्या डब्यातून उंदराचं घरटं काढलं. गॅस्केट ठणठणीत आहे. मग पाणी आलं कुठून, असं मी विचारलं. त्याने सगळी कॉफी संपवली आणि मलाच विचारलं की तू सौना, म्हणजे आपलं ते लाकडी वाफेचं न्हाणीघर, दर रविवारी दहा मिनिटं पेटवून, दगडांवर पाणी ओतून, लगेच दार लावून ठेवशील का.

मी म्हटलं, वेडी आहे का मी? फळ्या कुजतील. आईने आपल्याला हेच शिकवलं ना रे, की सौना तापवायचा तर पुरता, नाहीतर काडीच लावू नका? अर्धवट तापला की ओल सुटते आणि ती लाकडात बसते.

मग तेच केलंस, असं उर्हो म्हणाला.

इंजिन पुरतं तापायच्या आत मी बंद करत होते. दर वेळी आत दव धरलं, ते तेलात गेलं. सायलेन्सर आतून गंजून चाळणी झालाय. बॅटरीही त्यातच गेली. गाडी पाच महिने नुसती झाकून ठेवली असती तर तिला काही झालं नसतं. तौनोची एक वस्तू जपायला घेतली आणि मीच ती दर रविवारी नेमाने कुजवली, फावडं मारून मारून. ती सौनाची गोष्ट मला, माझ्यासारखीला, कळू नये?

शिवाय क्लच घसरतो. कुणीतरी चढावर धरून जाळलाय, असं उर्हो म्हणतो. ते कुणीतरी म्हणजे तौनो. तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत तो जळका वास घेऊन घरी आला होता, साउलीची बोट ओढली म्हणाला. स्पोर्ट्स कारने बोट ओढतात का, म्हणून मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. क्लचचे सातशे, सायलेन्सरचे तीनशे, टायर वेगळे.

दंतवैद्याला सगळं खरं सांगितलं. तो साडेचार हजार म्हणाला. सव्वीसला, शनिवारी, ट्रेलर घेऊन येतो. मी हो म्हटलंय. तिच्यासाठी तेच बरं. तुझंच खरं झालं, हस आता.

सगळ्यांना आशीर्वाद.

एलाताई


मॅडिसन,
१७ एप्रिल १९९७

ती. ताईस,
कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार. यावेळी खरोखरच डोकं जमिनीवर ठेवून.

हसलो नाही. ते कुणीतरी मी.

त्या जुलैत आम्ही तुमच्याकडे आलो होतो. पुलावरून वर टेकडीकडे जाताना दाजींनी मला स्टिअरिंग दिलं. मीही हट्ट केला होता. चढावर लाल सिग्नल लागला. गाडी मागे घसरेल या भीतीने मी ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर ती धरून ठेवली. हिरवा झाला तर बंद पडली. असे तीन सिग्नल. मागे दूधवाल्याचा ट्रक भोंगा वाजवत होता. शेवटी असा वास सुटला की दूधवालाच खाली उतरून आला. दाजींनी स्टिअरिंग घेतलं, काचा खाली केल्या आणि म्हणाले की एलाला यातलं काही सांगायचं नाही, ती तुला फार हुशार समजते. बोटीची थाप त्यांनी घरी पोचेपर्यंत रचली. माणूस नांगराचा होता, थापेत कच्चा.

तुझे ते दोन दिवस माझ्या वाट्याचे होते. दाजी जेवणाच्या टेबलाशी मुकाट बसले होते आणि मी समोर बसून तुझ्या हातची मांस-बटाटा भरलेली दुसरी पास्टी मागून घेतली, हे मला अजून आठवतं.

सातशेचा चेक सोबत आहे. गाडी विकायची तर वीक, पण तू तिला मारलंस म्हणून विकू नकोस. तू अज्ञानाने केलंस, मी पंडित असून. उर्होला एवढंच विचार की ओल वाळते का.

लोभाला पात्र नाही, तरी मागतो.

तुझा,
रेइनो


कॉपर हार्बर,
१० मे १९९७

चि. रेइनोस,
आशीर्वाद, जरा आखडून.

पत्राला उशीर झाला कारण तुझं पत्र वाचल्यावर मी दोन दिवस तुझ्याशी बोलत नव्हते. तुला तिकडे कळलं नसेल, म्हणून लिहिते. बाकीचे दिवस उर्होने खाल्ले.

ओल वाळते म्हणाला. तेल बदलायचं आणि गाडी न थांबता अर्धा तास चालवायची, तापमानाचा काटा मधोमध येऊन तिथे राहीपर्यंत. नुसतं सुरू करायचं नाही, चालवायचं. मग शनिवारी दंतवैद्य आला तेव्हा मी त्याला कॉफी आणि नीसू दिला आणि रिकामा ट्रेलर परत पाठवला. जाताना म्हणाला की बाई, ही गाडी तुम्हाला खाऊन टाकेल. मी म्हटलं, खाऊ दे, घरात दुसरं जेवायला कोण आहे?

तुझ्या चेकचा क्लच बसला. चर्चच्या मोकळ्या आवारात उर्होने मला चार संध्याकाळी शिकवलं. पहिल्या दिवशी अकरा वेळा बंद पडली. पाद्रीबाई खिडकीतून मोजत होत्या. बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ पावसाने धुतल्यावर गेल्या रविवारी दफनभूमीपर्यंत गेले. बंद केली तर पुन्हा सुरू होईल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून इंजिन चालू ठेवून कुंपणाशी उभी राहिले आणि तौनोला मोठ्याने सांगितलं की बोटीचं कळलं, आणि त्या दोन दिवसांबद्दल चूक झाली. वाऱ्यात त्याला ऐकू गेलं असेल. गाडीचा आवाज तर नक्कीच.

आज पंचेचाळीस मैल आले. रविवारी पोस्ट बंद असतं, म्हणून तुझ्यासाठी शनिवार केला. काटा विसाव्या मिनिटाला मधोमध आला आणि तिथेच राहिला. पुढे रस्ता नाही, नुसतं सरोवर. लिफाफ्यावरचा शिक्का बघ आणि कारिनलाही दाखव. त्या नीसूचं टोक कुणी खाल्लं तेही मी तिला वेगळ्या पत्राने कळवलंय.

परत जाताना तुझा तो सिग्नलवाला चढ लागेल. लोभ आहे तो तूही चढावर धरून ठेव. पण क्लचने नव्हे रे बाबा, ब्रेकने.

तुझी,
एलाताई