तेल लावलेली न्हाणी

प्रिय बाबा,

आज रघू गवंडी आला होता. माझी लेक शालू पुढल्या आठवड्यात बाळंतपणाला येतेय. जावईबापूंनी मुंबईहून न्हाणीसाठी पांढऱ्या लाद्या पाठवल्यात. त्या बसवायच्या, तर भिंतीवरचा तुमचा तेलकट थर खरवडून काढावा लागेल, असं रघूचं म्हणणं. तुम्ही असतात तर त्याला दारातूनच परत पाठवलं असतंत. तुम्ही नाही, आईजवळ आता मीच असते, म्हणून निर्णय माझ्यावर आला, आणि म्हणून हे पत्र.

तुम्हाला आठवतं? माझ्या पहिल्या खेपेला तुम्हीही अशाच लाद्या आणवल्या होत्या, बोटीतून, भाताच्या पेंढ्यात गुंडाळून. सारी वाडी बघायला लोटली होती.

न्हाणीच्या भिंतीपलीकडे बाळंतिणीची खोली. आपला जांभ्या दगडाचा चिरा पाणी पितो. न्हाणीत तांब्या ओतला की त्या खोलीतली भिंत काळवंडायची. त्याच भिंतीशी माझ्या पाठचा भाऊ जन्मला आणि बारशाआधीच गेला. वैद्यांनी छातीत कफ सांगितला. तुम्ही भिंतीकडे बोट दाखवलंत आणि नंतर कधी तो विषय काढला नाहीत. आईपाशी मात्र एकदा बोलला होतात. ते तिनं मला तुम्ही गेल्यावर सांगितलं.

"पावसात होडी झापांखाली सुकी रवली, आणि माजो झील ओलीत गेलो."

गेलेल्या मुलाबद्दल एवढंच. बाबा, हे मला का नाही सांगितलंत? मी तुम्हाला नुसते हट्टी समजत राहिले.

आणि हट्टी तर होतातच! लाद्यांआधी भिंतीला नीट गिलावा करू, तो वाळू देऊ, असं हाच रघू तेव्हा सांगत होता. तुम्ही जन्मभर होडी हाकलेले तांडेल, गवंड्याचं कशाला ऐकाल? होडीच्या फळ्यांना करतात तेच तुम्ही भिंतीला केलंत. चिऱ्यांच्या सांध्यांत कापूस ठासलात, वरून राळ, आणि मग चुन्यात घोटलेलं मुशी माशाचं तेल, एकावर एक हात. रघूनं मान हलवली. "तांडेलानू, तेलार चुनो धरूचो नाय," म्हणाला. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंही नाहीत. "जन्मभर होडयेत पाणी येवक दिलंय नाय, आता घरात देतलंय?"

वास तर विचारूच नका. अंघोळ करून बाहेर आलं की मासळीबाजारातून आल्यासारखं वाटायचं. मी पोटुशी, मला उमासे येत. आई नाकाला पदर लावून पाणी तापवायची आणि तुम्ही ओटीवर बसून विडी ओढायचात, जसं काही झालंच नाही.

लाद्या रघूनं बसवल्या, तुमच्या नावानं बोटं मोडत. माझा बाळू आठवड्याचा असेल, पहिली लादी पडली. मग दुसरी. मग रोज एखादी. आईनं त्या धुऊन घेतल्या. एक दुधाच्या टोपावर गेली, एक लोणच्याच्या बरणीवर. आजही आहेत. वाडीत हसं झालं, ते तुम्ही ऐकलंत, आणि लाद्या पुन्हा बसवल्या नाहीत.

पण रोज सकाळी तुम्ही माझ्या खोलीच्या दाराबाहेर उभे राहायचात. आत यायचा नाहीत. तिथूनच विचारायचात, "भिंत सुकी आसा?"

मी "आसा" म्हटलं की निघून जायचात. बाळ कसं आहे, मी झोपले की नाही, एकदाही विचारलं नाहीत. मला राग यायचा, बाबा. सासरी गेल्यावरही कितीतरी दिवस तो होता. बापाला लेकीपेक्षा भिंतीची काळजी, असं मी नवऱ्याला सांगितलंदेखील.

आज दुपारी रघू भिंत खरवडायला वाकला, तेव्हा आई पलीकडच्या खोलीत गेली. भिंतीवर तळवा टेकून उभी राहिली. बाहेर पाऊस धो धो. मग तिथूनच म्हणाली, "लादी नको गो. ही सुकी आसा."

मीही जाऊन हात लावला. इतक्या पावसाळ्यांनंतरही कोरडी ठणठणीत. चिरा थंड होता, पण ओल नव्हती.

रघूला मी चहा दिला आणि जमिनीलाच लाद्या बसव म्हटलं. भिंतीला हात लावू नकोस. तो हसला, पण वाद घातला नाही. वासाचं शालूला काय सांगायचं, ते बघू.

एक शब्द देते. शालू आली की रोज सकाळी मी तिच्या दाराशी उभी राहीन आणि तुमच्यासारखंच विचारीन, भिंत सुकी आहे का. ती हो म्हणाली, की मी आत जाईन. तिच्या खाटेवर बसेन, आणि तुम्हाला जे दाराबाहेरून विचारता आलं नाही, ते विचारीन.

तुमची थोरली,
सुमन